शालूवहिनींच्या मांडीवरचा आरसा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मेढ्यात बातमी फुटली : नाथाजी फौजीनं दुर्बिणीपायी बायकोला माहेरी हाकललं! हरणाबाईनं म्हणे शालूवहिनींना एसटी स्टँडवर स्वतः पाहिलं. डोळे लाल, मांडीवर गोधडीचं गाठोडं.

तसलं काही नव्हतं. फौजींच्या आणि माझ्या गच्चीत कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळं माझी माहिती पक्की.

पेन्शन सुरू झाल्यावर फौजींनी गच्चीवर पत्र्याची वेधशाळा बांधली. छप्पर रुळांवरून सरकतं, आत माणसाएवढी दुर्बीण. दर शनिवारी दिवेलागणीनंतर कुणीही यावं, बघावं. फौजी तारे दाखवतात, रांग वहिनी हाकतात. "आवं, डोळा लावा, हात न्हाई!" मग समोर सरपंच का असेना.

खंडेनवमीला वहिनींनी कोयता, मिक्सर, मोटारसायकल, सगळ्यांची पूजा केली. मग दुर्बीण काय परकी? तळाच्या आरशात सारं आभाळ गोळा होतं, हे फौजींनीच सांगितलेलं. म्हणजे देव तिथंच. झाकण काढून वहिनींनी आरशावर ओल्या हळदकुंकवाची पाच बोटं उठवली.

फौजी ओरडले नाहीत, शनिवारला किती दिवस उरले ते बोटांवर मोजू लागले. शनिवारी आश्रमशाळेच्या पोरी शनीची कडी बघायला यायच्या होत्या. आणि पुसावं तर आरशाला चरे पडणार. त्याच भीतीनं तर त्यांनी कैक वर्षं त्यावरची धूळही काढली नव्हती.

"पोरी शनी बघूनच जात्याल," वहिनी म्हणाल्या. त्यांची भाची पल्लवी सांगलीला कॉलेजात फिजिक्स शिकवते. काळजीनं झोप न झालेल्या डोळ्यांनी, गोधडीत गुंडाळलेला आरसा तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन त्या एसटीत बसल्या. हरणाबाईला दिसलं ते एवढंच.

पल्लवीनं न घासता, नुसत्या पाण्याच्या धारेखाली आरसा धुऊन दिला. शनिवारी फौजींनी तो बसवला तेव्हा पोरी जिन्यात उभ्याच होत्या. आधी फौजींनी स्वतः डोळा लावला, तो काढेचनात.

"काय वो? दिसना व्हय?" वहिनींनी त्यांची बाही ओढली.

"लय झ्याक दिसतंय गं! एवढं तर कवाच दिसलं न्हवतं."

कुंकवासंगं धूळही गेली होती. पोरी एकेक करून शनी बघून किंचाळल्या. मला राहवेना. "वहिनी, पुढल्या खंडेनवमीला काय करणार?"

"आवं भावजी, आरशाला हात लावनार न्हाई. कुंकू ह्यांच्या टकलाला लावीन. ते धुवाय सांगलीला जायला नगं."