मंगळवारच्या चपला

आमच्या कोनाड्यातले देव समुद्रात सोडून जेमतेम वर्ष झालं होतं, आणि आई देव मागणारी एक पोरगी घरी घेऊन आली.

मी तेव्हा दहा वर्षांची. परळच्या चाळीत आमची एक खोली. दीक्षा घेतल्यापासून घरात सगळंच नवं होतं. कोनाड्यात बुद्धाची तसबीर, रविवारी सकाळी चाळीच्या चौकात वंदना, सणसुद्धा नवे. ते कुठं अंगवळणी पडतंय तोवर ही सहा वर्षांची, सतत नाक ओढणारी पोर दारात उभी. पहिल्या संध्याकाळी तिनं खोलीभर नजर फिरवली आणि मला विचारलं, "तुमचो देव खंय गो? दिवो खंय लावतास?"

"देव नाहीये," मी म्हटलं.

"हरवलो?"

काय सांगणार कपाळ! मलाच कुठं धड माहीत होतं?

तिची आई आणि माझी आई एकाच गिरणीत, एकाच खात्यात होत्या. ती समोरच्या चाळीतली, कोकणातली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेलेला. तिला क्षय निघाला, दवाखान्यात ठेवून घेतलं, तेव्हा तिच्या स्वतःच्या चाळीत पोरीला कुणीच ठेवून घेईना. क्षयवालीची पोर, खोकला घरात आणेल म्हणे. गावच्या मामानं कळवलं की भातकापणी झाली की येतो. तोवर पोरीनं काय रस्त्यावर राहायचं? मग माझ्या आईनं घेतली. आईचं डोकं तसं तापटच. एकदा फिरलं की फिरलं.

दवाखान्यात त्या बाईनं आईचा हात धरून एवढंच मागितलं होतं, "तिका माझीच ठेव. तिचो देव सोडवू नको." आणि आमच्या मातोश्री शब्द देऊन बसल्या.

आता देव म्हणजे प्रभादेवीचा गणपती. मायलेकी दर मंगळवारी चालत जायच्या. आणि आम्ही? गणपतीला देव मानणार नाही, त्याची पूजा करणार नाही, अशी सगळ्यांसमक्ष प्रतिज्ञा घेतलेली माणसं. मला वाटलं, आई आता कुणाला तरी फसवणार. फक्त कुणाला ते कळत नव्हतं.

आईनं आधी सोपा मार्ग काढला. समोरच्या चाळीत बायकांचं भजन असायचं, तिथं आरतीपुरतं पोरीला पाठवायचं. घेऊन जायचं काम माझं. दोन आठवडे ठीक गेलं. मी दाराबाहेर, ती आत. तिसऱ्या आठवड्यात प्रसाद वाटणाऱ्या बाईनं माझ्या हातावर खिरापत वरून टाकली. ते मला सवयीचं होतं. पण पाठोपाठ तिनं पोरीच्या हातावरही तशीच वरून टाकली. हीच बाई एके काळी पोरीच्या वेण्या घालायची! "आता ती तुमच्यात जेवते ना गं," ती मला म्हणाली, जशी काही चूक माझी. पोर आपल्या हाताकडे बघत राहिली. खिरापत तिनं खाल्ली नाही, जिन्यावर चिमण्यांना टाकली, आणि पुन्हा तिकडं जायचं नाव काढलं नाही.

आईला सांगितलं तर ती थेट भांडायला निघाली. शेजारणींनी तिला धरून बसवलं.

तसं आमच्या चाळीनं पोरीला बघता बघता वाटून घेतलं होतं. आई पाळीवर गेली की एकजण तिला न्हाऊ घालायची, एकजण शाळेत सोडायची. वंदनेला जमणाऱ्या बायकांनी आपल्या पोरांचे फ्रॉक आणून दिले. त्यात कुणी कुरकुर केली नाही. पण देवाचं काय? पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर आईनं हा प्रश्न सगळ्यांपुढं ठेवला, आणि जी काही खडाजंगी उडाली! एक तरुण मास्तर म्हणाले, "आपल्या घरात आहे तर आपल्या रीतीनं वाढवा. आपण सुटलो, तीही सुटेल." एक काकू म्हणाल्या, "आणि तिची आई काय म्हणेल?" मला दोघांचंही पटत होतं. मग मला माझाच राग आला.

चाळीत एक म्हातारे आजोबा होते, गिरणीतून सुटलेले, गुडघ्यानं अधू. प्रतिज्ञेच्या बाबतीत त्यांच्याइतकं कडक कुणी नव्हतं. दीक्षेनंतर त्यांनी घरोघर जाऊन कोनाडे तपासले होते. आम्ही पोरं त्यांना बघून जिन्याखाली लपायचो. ते उठले तेव्हा मला वाटलं, संपलं, आता पोरीची रवानगी.

"प्रतिज्ञा मी घेतलीय," ते म्हणाले. "ह्या पोरीनं घेतलीय का? मंगळवारी मी नेतो तिला."

मास्तर सतरंजी गुंडाळायला लागले.

आणि खरंच, दर मंगळवारी शाळा सुटली की आजोबा काठी टेकत निघायचे, बरोबर ही, आणि आईच्या हुकमावरून मी. देवळाच्या दाराशी आले की ते देवाकडे पाठ करून उभे राहायचे. तिच्या चपला हातात घ्यायचे. खाली ठेवायचे नाहीत, चोरीला जातील म्हणून. "आत जा, काय मागायचं ते माग," ते तिला दटावायचे, "पण माझं नाव तिथं घ्यायचं नाही. समजलं?" ती मान डोलवायची. मी मधेच उभी. आत जाऊ की बाहेर थांबू, हात जोडू की नको, काही कळायचं नाही. एकदा परतताना संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा आडवा आला. आजोबांनी पोरीला कठड्यावर उभं केलं आणि इतक्या जोरात घोषणा दिल्या की त्यांना तिथंच ढास लागली.

रविवारी दुपारी आई तिला दवाखान्यात न्यायची. मुलांना आत सोडत नसत. आई तिला खाली अंगणात उभी करायची आणि वरच्या खिडकीत तिची आई यायची. दोघी नुसत्या हात हलवायच्या. "पोर दिसती म्हणून ती औषध घेती," आई म्हणायची. "पोर गावाला गेली तर ती बाई जगायची नाही."

आणि मामा आला.

आदल्या दिवशी आईनं पोरीला समोर बसवून पढवलं. "मामानं विचारलं तर सांग, जेवायला समोरच्या चाळीत जात होते. इथं फक्त झोपत होते." मी ऐकत होते. माझं डोकंच फिरलं. "आपण काय चोरी केलीय का?" मी ओरडले. आईनं मला एक ठेवून दिली आणि मग स्वतःच रडत बसली. आईला असं खोटं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तेही आपल्याच हातच्या भाकरीबद्दल.

मामा उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. पोरीचं बोचकं त्यानं आधीच काखेत मारलं होतं. चाळीतली माणसं सज्जात गोळा झाली. आजोबाही आले.

"जेवतंस खंय गो?" मामानं विचारलं.

पोरीनं आईकडे पाहिलं. आईनं मान खाली घातली.

"हयच," ती म्हणाली. "हिच्या ताटात." आणि माझ्याकडे बोट केलं.

मामाचा चेहरा उतरला. "आणि देव? देव सोडलंस?"

"नाय. मंगळवारी जातंय. आजोबा नेतत."

मामानं आजोबांकडे पाहिलं, मग आमच्या कोनाड्यातल्या तसबिरीकडे. त्याचाही माझ्यासारखाच गोंधळ उडाला असावा. "तुमी देवळात जातास?"

"मी कशाला जातोय!" आजोबा उखडले. "बाहेर उभा ऱ्हातो. चपला धरतो हिच्या."

मामा पोरीपुढं उकिडवा बसला. "काय मागतंस देवाकडे?"

"आवशीचो खोकलो जावंदे," ती म्हणाली, आणि चोरट्या नजरेनं वर बघत, "आणि आजोबांचो गुडघो बरो होवंदे."

"बजावलं होतं तुला!" आजोबा गरजले. "माझं नाव तिथं घ्यायचं नाही म्हणून!" काठी आपटायला गेले, पण ती हातातून सुटली. ती उचलायला वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. वर आले तेव्हा डोळे पुसत होते, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून पुन्हा ओरडत होते.

मामानं काखेतलं बोचकं उंबऱ्याच्या आत ठेवलं. "रवांदे तिका हयसरच," तो आईला म्हणाला, "आवस बरी होईसर."

प्रतिज्ञा मोडली की पाळली, आणि मोडली असेल तर नक्की कुणी, हे मला आज इतक्या वर्षांनीही सांगता येत नाही. गुडघा काही बरा झाला नाही. पुढच्या मंगळवारी आजोबा तसेच लंगडत निघाले. देवळाशी आल्यावर त्यांनी तिच्या चपला हातात घेतल्या, देवाकडे पाठ केली आणि माझ्याकडे न बघता तिला म्हणाले, "नाव घ्यायचंच असेल, तर आधी आईचं घे."