फटीच्या दातांचा सोबती

दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. सगळे त्यांना कवळीकाका म्हणत. बायको गेल्यापासून खऱ्या नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. मेण, प्लास्टर आणि दुसऱ्यांचे दात, एवढ्यात दिवस निघून जायचा. संध्याकाळ मात्र खायला उठायची.

एकदा एका आजींनी अट घातली. "पुढच्या दोन दातांत फट ठेवा. माझ्या दातांत होती तशी. नाहीतर आरशात परकीच बाई दिसायची."

काकांनी मेणात दात बसवले, फट ठेवली, साचा लांब धरून पाहिला आणि त्यांना एकदम हसू फुटलं. अशीच फट बॅटरीमामाच्या सोबत्याला होती! लहानपणीच्या कॉमिकमधला हा मामा टकलू, पोट सुटलेला. पण त्याच्या बॅटरीचा झोत पडला की चोर जागच्या जागी थिजायचे. त्याचा वैरी डॉक्टर काजळी. आणि तो फटीच्या दातांचा सोबती, ज्याच्या शिट्टीने काचा तडकायच्या. त्याचं नाव काय बरं? अगदी जिभेवर होतं, पण बाहेर येईना.

डॉक्टरबाईंना विचारलं. "बॅटरीमामा? काका, तेव्हा माझी आईसुद्धा शाळेत असेल," असं म्हणून त्या पुढच्या पेशंटकडे वळल्या. परदेशातल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, इंटरनेटवर बघा ना." बघितलं. बॅटऱ्या ढीगभर निघाल्या, मामा एकही नाही.

आता उरला एकच माणूस, थोरला भाऊ. पलंगाखाली पालथे पडून दोघं एकाच अंकावर तुटून पडायचे. धाकट्याला जोडाक्षरं जमत नसत, म्हणून दादा वाचून दाखवायचा. पण आई गेली, आणि तिच्या आजारपणात कोण किती राबलं यावरून दोघांत नको ते बोलणं झालं. तेव्हापासून अबोला. येणं-जाणं नाही, फोनही नाही.

रविवारी सकाळी मनाचा हिय्या करून काकांनी नंबर लावला.

"कोण?"

"दादा, मी."

पलीकडून घाबरा आवाज, "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही रे. बॅटरीमामाचा तो फटीच्या दातांचा सोबती, त्याचं नाव काय?"

"फुस्सराव!" दादा तडक म्हणाला. "ऐन वेळी शिट्टी फुस्स व्हायची ना त्याची!"

दोघं हसत सुटले. दादाला हसता हसता ठसका लागला.

"आणि शेवटी तो काजळीला मिठी मारून रडवतो, ते आठवतं?" काकांनी विचारलं.

"ते कुठे छापलेलं होतं? आपले अंक रद्दीतले. शेवटची पानं फाटलेलीच असायची. तू भोकाड पसरायचास, म्हणून मी मनाचंच काहीतरी सांगायचो."

काकांनी आयुष्यभर बॅटरीमामाचे म्हणून जपलेले सगळे शेवट दादाचे होते. 'एकदा ये ना घरी,' असं अगदी ओठांवर आलं, तेवढ्यात पलीकडून वहिनींचा आवाज ऐकू आला, "एवढे हसताय कोणाशी?"

"कोणी नाही गं," दादा म्हणाला. मग हळू आवाजात, "बरं. आणखी काही?"

"नाही. एवढंच."

"ठेवतो मग."

फोन बंद झाला तरी काका तो हातात धरून बसले. 'कोणी नाही' हे दादा रागाने बोलला असता तर एक वेळ चाललं असतं. तो सवयीने बोलला होता, तेच जिव्हारी लागलं.

मग उठून त्यांनी एकट्यापुरता स्वयंपाक केला. जेवताना पुढच्या रविवारी काय विचारायचं, याचा विचार चालू होता. बॅटरीमामाच्या कुत्र्याचं नाव त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते विसरलो असं सांगायचं, त्यांनी ठरवलं.