वखारीच्या भिंतीलगतचं घर

बाळाबाईची धाकटी मुलगी रस्त्यावर जन्मली. निपाणीहून अक्कोळला जाणाऱ्या वाटेवर, बाभळीच्या आडोशाला. दिवसभर तंबाखूच्या वखारीत पानं निवडून बाळाबाई गावच्या बायकांबरोबर परत निघाली होती आणि अर्ध्या वाटेत कळा सुरू झाल्या. बायकांनी लुगड्यांचे पदर धरून आडोसा केला. एकीच्या डोक्यावर गवताचा भारा होता, त्यात खोचलेल्या विळ्यानं नाळ कापली. मग पोर पदरात गुंडाळून बाळाबाई उरलेली वाट चालत घरी गेली. सासू नागुबाई दारातच होती. "आज उशीर का गं?" एवढं तिनं विचारलं, आणि पदरातलं पोर बघून पाणी तापवायला आत धावली.

ही हकिकत बाळाबाईनं मला कितीतरी वेळा सांगितली. सांगून झालं की म्हणायची, "त्याच दिवशी ठरवलं. आता निपाणीतच ऱ्हायचं."

एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. बाळाबाई आणि तिचा नवरा परशराम दोघंही एकाच वखारीत होते. ती पानं निवडायची, तो पोती उचलायचा. अक्कोळपासून वखार दोन कोस. तांबडं फुटायच्या आत भाकरी बांधून निघावं लागे, कारण घंटा झाली की मुकादम दरवाजा ओढून घ्यायचा. मग बाहेर राहिलेल्या माणसानं कितीही हातापाया पडलं तरी तो दिवस बुडाला. पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल पायांना असा चिकटे की एकेक पाऊल उपसून काढावं लागे. कोल्हापूरला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारी निपाणीत उभ्या राहायच्या, पण अक्कोळच्या मजुराला मोटार काय कामाची!

परशरामाला मात्र त्या चालण्याचं काही वाटत नसे. उंच, रुंद छातीचा माणूस. तो म्हणायचा, "वखारीतनं भाईर पडलं की दोन कोस वारा खायला मिळतो. घसा मोकळा हुतो. कशाला जायचं त्या निपाणीत?"

"तुमच्या पोटात पोर नव्हतं," बाळाबाई म्हणायची.

शेवटी दोघं घर बघायला लागले. पेठेतल्या खोल्यांचं नाव काढायची सोय नव्हती. तिथं व्यापाऱ्यांची वस्ती, भाव आभाळाला. मुरगूडच्या रस्त्याला खडकावर जागा विकायला निघाल्या होत्या. परशरामाला ती जागा मनापासून आवडली. उंचवटा होता, पश्चिमेचा वारा होता, दारात म्हैस बांधता आली असती. पण भिंती आपण उभारायच्या, पाणी खालच्या विहिरीवरनं आणायचं, आणि तिथनंही वखारीला चालणं होतंच, अक्कोळच्या निम्मं.

तिसरी जागा म्हणजे आमची ओळ. वखारीच्या मागच्या भिंतीला लागून आण्णाप्पा नावाच्या दलालानं कौलारू घरं बांधली होती. एक खोली, एक सोपा, मागं मोरी. रस्त्याकडच्या टोकाला आमचं घर होतं आणि भिंतीकडच्या टोकाचं शेवटचं घर तेवढं रिकामं होतं. आमच्या घरापेक्षा ते निम्म्या किमतीत मिळत होतं. परशरामानं आण्णाप्पाला विचारलं, "हे एवढं स्वस्त का हो?"

"कडंचं घर हाय म्हणून," आण्णाप्पा म्हणाला. "बाकी काय न्हाय. उलट तुमास्नी बरं. घंटा झाल्यावर उंबरा ओलांडला तरी चालतंय."

बाळाबाईनं तेवढंच ऐकलं. परशराम भिंतीकडं बघत उभा राहिला. त्या दिवशी वखार बंद होती, अंगण झाडलेलं होतं, हवा स्वच्छ होती. "खडकावरची जागा आनी एकदा बघू या का?" त्यानं विचारलं.

"घर बांधायचं कवा आनी ऱ्हायाचं कवा? तवर माझी दोन्ही पोरं त्या वाटंवर मोठी व्हायची."

अक्कोळच्या घरात परशरामाचा अर्धा वाटा होता. तो थोरला भाऊ बसवंत यानं घेतला आणि त्या पैशात शेवटचं घर झालं. निघताना नागुबाई मुलाला म्हणाली, "मी न्हाय येत रं बाबा. मला हितंच बरं हाय." सुनेला तिनं जात्याची खुंटी दिली आणि म्हणाली, "जातं जड हाय, ते मागनं गाडीतनं धाडते."

ते आले तो दिवस मला धूसर आठवतो. थोरली मालू माझ्याएवढीच होती. इंदू आईच्या कडेवर होती. पहिले काही महिने बाळाबाईएवढी सुखी बाई ओळीत नव्हती. ती उजाडल्यावर उठायची. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन गरम भाकरी थापायची आणि भिंतीपलीकडनं परशरामाला हाक मारायची. खेड्यांतनं येणाऱ्या बायका आपली तान्ही तिच्या सोप्यात झोपवून कामाला जायच्या. ती सगळ्यांना सांगायची, "घर घ्या गं हितं. वाट तुडवून काय मिळतंय?"

मग तंबाखूचा हंगाम आला. वखारीच्या मालकानं त्या वर्षी माल वाढवला आणि चाळणीचं काम मागच्या अंगणात, नेमकं त्या भिंतीच्या आत आणलं. बायका वाळलेला पाला काठ्यांनी झोडपायच्या, मोठ्या चाळण्यांनी चाळायच्या, आणि त्याची भुकटी भिंतीवरनं धुरासारखी पलीकडं यायची. आमच्या टोकाला येईतो ती विरून जाई. बाळाबाईच्या कौलांवर तिचा पिवळट थर बसे. पाण्याच्या घागरीवर फडकं बांधलं तरी पाणी कडू लागे. भाकरी कडू, दूध कडू. उन्हाळ्यात दारं-खिडक्या लावून बसावं तर जीव गुदमरे, उघडावं तर शिंका थांबत नसत.

बाळाबाईनं फटींत चिंध्या कोंबल्या. भिंतीकडची खिडकी मातीनं लिंपून टाकली. परशराम मुकादमाकडं गेला, मालकाकडंही गेला. मालक म्हणाला, "वखार आधीची की घर आधीचं?" परशराम तिथनं उठला. तो आण्णाप्पाकडं गेला, तर आण्णाप्पा म्हणाला, "घर बघूनच घेतलंत न्हवं?"

सगळ्यात आधी इंदू आजारी पडली. अडीच-तीन वर्षांची असेल. खोकताना तिचे ओठ निळे पडायचे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं तिची छाती तपासली, कुठं राहता ते विचारलं आणि सांगितलं, "औषध देतो, पण पोरीला तिथनं हलवा."

बाळाबाईनं तिला आजीकडं अक्कोळला ठेवलं. महिन्याभरात पोरीचा खोकला गेला, गालांवर रंग आला. बाळाबाई दर गुरुवारी, बाजाराच्या सुट्टीला, तिला बघायला तीच दोन कोसांची वाट चालत जायची. जाताना शेव-चुरमुरे न्यायची. पहिल्या पहिल्यांदा इंदू तिच्या मागं रडत वेशीपर्यंत यायची. मग रडणं थांबलं. नागुबाई त्याच वर्षी वारली आणि इंदूला बसवंताच्या बायकोनं, यशोदेनं सांभाळलं. यशोदेला मुलगी नव्हती. एका गुरुवारी बाळाबाई गेली तेव्हा इंदू खेळता खेळता आत पळाली आणि यशोदेला म्हणाली, "आई, निपाणीची मावशी आली."

यशोदा ओशाळली. "न्हान हाय ती. म्या शिकवलं न्हाय गं तसं," ती म्हणाली.

"असू दे आक्का," बाळाबाई म्हणाली. "तुमी हाय म्हणून जगली ती."

हे तिनं मला सांगितलं तेव्हा तिचा आवाज साधा होता. जणू दुसऱ्या कुणाचं सांगत होती.

परशरामाचा खोकला त्यानंतरचा. दिवसभर वखारीत तीच हवा, घरी आला की तीच. रुंद छातीचा तो माणूस आमच्या डोळ्यांदेखत वाळत गेला. पोतं पाठीवर घेतलं की मध्येच थांबायचा. मग मुकादमानं त्याला झाडायला लावलं, आणि झाडणंही होईना तेव्हा घरी बसवलं.

घर विकायचं ठरलं. ओळीतला कुणी घेणार नव्हता. एकदा नदीकाठच्या जत्राटहून एक नवरा-बायको बघायला आले. पोरगी तरणी होती, कडेवर मूल होतं. तिनं विचारलं, "वखार लई जवळ हाय न्हवं?" बाळाबाई दारात उभी होती. आत परशराम खोकत होता. तिनं त्या पोरीला सगळं सांगितलं. भुकटीचं, पाण्याचं, इंदूचं. मालू मागनं पदर ओढत होती, तरी तिनं सांगितलं. "घेऊ नगंस बाई," ती म्हणाली.

ती दोघं निघून गेली. मालू तेव्हा वखारीत जायला लागली होती. ती आईवर भडकली. "गिऱ्हाईक आलतं, तेबी घालवलंस! आता आप्पाला कुठं न्यायचं?" पुढल्या महिन्यात त्याच नवरा-बायकोनं आमच्या ओळीतलं मधलं घर घेतलं. जास्त पैसे देऊन. ती पोरगी बाळाबाईला म्हणाली, "रोज पहाटं नदीपसनं चालत यायचं, ते न्हाय झेपत मावशी."

परशरामाला बसवंतानं अक्कोळला नेलं. बसवंत वाईट माणूस नव्हता. पण धाकट्याच्या वाट्याच्या खोलीत आता त्याचा मुलगा आणि नवी सून राहत होती. तो म्हणाला, "सोप्यात ऱ्हा. माझी ना न्हाय. पर सुनेला कुठं काढू?" परशराम ज्या घरात जन्मला, त्याच्या सोप्यात पाहुण्यासारखा पडून राहिला; इंदूही त्याला काका म्हणायची. मोकळ्या हवेनं त्याला बरं वाटलं. काठी टेकत तो मळ्यापर्यंत जाऊ लागला. बाळाबाईला वाटलं, माणूस हाती लागला. पण त्या साली पाऊस फसला आणि बसवंताच्या घरात खाणारी तोंडं जास्त झाली. एका सकाळी यशोदा परातीतल्या भाकऱ्या वाटून घालत होती. तिनं एक भाकरी उचलली, अर्धी केली, परशरामाकडं बघितलं आणि परत जोडून त्याच्या ताटात ठेवली. त्यानं ती भाकरी खाल्ली, हात धुतले, काठी घेतली आणि निपाणीची वाट धरली.

तो दुपारी घरी पोचला तेव्हा बाळाबाई वखारीत होती. माझ्या आईनं त्याला पाणी दिलं. "परशरामदा, कशाला आलासा?" तिनं विचारलं.

"माझं घर हितं हाय न्हवं," तो म्हणाला.

तो थंडीचे दिवस काढू शकला. हंगाम सुरू झाला त्या आठवड्यात, भर दुपारी गेला. बाळाबाईला हाक मारायला कुणाला लांब जावं लागलं नाही. माझ्या आईनं भिंतीपलीकडं आवाज दिला आणि ती हातातली पानं टाकून आली. तिचे हात तंबाखूनं काळे झाले होते, त्याच हातांनी तिनं त्याचं तोंड पुसलं.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. मालू आणि ती कामाला जायच्या, यायच्या. मालूचं लग्न ओळीतल्याच एका हमालाशी झालं. घर तसंच राहिलं, विकलं गेलं नाही. बाळाबाईनंही परत कुणाला दाखवलं नाही. एकदा मी तिला विचारलं, खडकावरची ती जागा घेतली असती तर? ती सुपातलं धान्य पाखडत राहिली. मग म्हणाली, "तिथं आता लई घरं झाल्यात. गुरुवारी जाताना बघते मी. म्हशी बांधल्यात दारात."

इंदूचं लग्न सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात अक्कोळला झालं. आम्ही बैलगाडीनं गेलो होतो. मुलगी देखणी झाली होती, बापासारखी उंच. कन्यादानाला बसवंत आणि यशोदा बसले. बाळाबाई विधवा, तिनं मांडवाच्या कडेला खांबाशी जागा धरली होती. कुणीतरी तिला पुढं बोलावलं, पण ती हलली नाही. पाठवणीच्या वेळी इंदू यशोदेच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मग एकेका बाईच्या पाया पडत ती खांबाशी आली, बाळाबाईच्याही पाया पडली आणि म्हणाली, "येते मावशी." बाळाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. यशोदेनं मध्ये पडून खरी आई कोण ते सांगायला तोंड उघडलं होतं, पण बाळाबाईनं मानेनंच नको म्हटलं. गाडी हलली.

परत येताना ती आमच्या गाडीत बसली नाही. "चालत येते मी, सवय हाय," म्हणाली आणि मागं राहिली. अंधार पडायच्या आत घरी आली.

ऑगस्टात स्वातंत्र्य आलं. वखारीवर झेंडा लागला, पेढे वाटले, रस्त्यानं मिरवणूक निघाली. कामाला सुट्टी होती. ओळीतले सगळे गेलो, जत्राटची ती पोरगीही आपलं खोकणारं मूल घेऊन गेली. बाळाबाई आली नाही. दार ओढून घेऊन दिवसभर झोपली. संध्याकाळी मी आणि मालू तिच्याकडं गेलो तेव्हा ती नुकतीच उठून बसली होती. मालूनं पेढा पुढं केला. तिनं तो हातात घेतला, बाजूला ठेवला आणि विचारलं,

"उद्या हाय न्हवं काम?"