बाटल्यांवरची लेबलं

सरांच्या खोलीत एक निळी बादली होती. तिच्यात इंजेक्शनच्या बाटल्या भिजत टाकायच्या, लेबल सैल झालं की नखानं सोलायचं आणि तो लगदा संडासात टाकून वर पाणी ओतायचं, हे काम माझ्याकडे होतं. सर यवतमाळात आम्हा मुलींना सायकलिंग शिकवत. मी दिग्रसची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. सरांनी मला निवडलं तेव्हा बाबांनी डेपोभर पेढे वाटले होते.

आम्ही पाच जणी होतो, पण अंगात सायकल एकीच्याच होती. ती झरी जामणीकडची, कोलाम आदिवासी घरातली, आश्रमशाळेत शिकलेली. चढावर आम्ही सीटवरून उठून धापा टाकत असायचो आणि ती पुढून मागे वळून विचारायची, "काय वं, येऊन राह्यल्या, का थांबू?" आम्ही दोघी एकाच खोलीत राहायचो. माझ्या डब्यातली चटणी तिला आवडायची, मला तिचं हसणं.

पहिल्यांदा सुई घेताना तिनंच विचारलं, "सर, कॅल्शियम हाय तं लेबल काहून काढता?"

"तुले सायकल चालवाची हाय का मेडिकल टाकाचं हाय?" सर म्हणाले. सगळ्या हसल्या. मीही हसले.

मी मात्र लेबल वाचलं होतं. मोबाइलवर ते नाव टाकून पाहिलंही होतं. खेळाडूंना बंदी, असं पहिल्याच ओळीत होतं. मी मोबाइल उलटा ठेवला आणि पुढची बाटली सोलायला घेतली. पुढे पाळी थांबली, हनुवटीवर केस आले. आवाज असा बसला की आई फोनवर दरवेळी विचारायची, सर्दी झाली काय. पण ज्या चढावर मी रडायचे त्याच चढावर आता माझ्या पायांत दम उरायचा. ते मला आवडत होतं. म्हणून मला फसवलं, असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही.

सरांना परदेशी शर्यतींचं वेड. तिकडचे मोठमोठे विजेते वर्षानुवर्षं औषधं घेत होते आणि डॉक्टरपासून मालिश करणाऱ्यापर्यंत सगळे गप्प होते, हे ते आम्हाला अगदी रंगवून सांगत. आम्हाला वाटायचं, आता म्हणतील, असं करू नका. ते म्हणायचे, "तो घेतल्यानं नाही बुडाला बेटा. सोबतच्यांनी तोंड उघडलं, म्हणून बुडाला."

राष्ट्रीय स्पर्धा दुसऱ्या राज्यात होती. रोड रेसच्या सकाळी मैदानावर कुजबुज सुरू झाली, तपासणीवाले आलेत. अर्ध्या तासात कोणाला ताप आला, कोणाचा पाय मुरगळला. ज्या पोरी आदल्या दिवशी उड्या मारत होत्या त्या चादरी पांघरून बसल्या. सरांनी मला गाडीमागे बोलावलं.

"तुझं पोट बिघडलं हाय. उतरायचं नाही."

"अन् ती?"

"ती उतरल."

"सर, तिनंही तं घेतलं हाय."

"सगळ्याच बसल्या तं लोकं काय समजतील? एक तरी उतरलीच पाहिजे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुले काही झालं तं तुझे बाबा माझ्या दारात येऊन बसतील. तिच्यामागं कोण येणार हाय?"

मी परत आले तेव्हा ती पाठीवर नंबर लावायला पिना शोधत होती. माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी चारही कोपऱ्यांना पिना लावल्या.

"तू सायकल काहून नाही काढली?"

"पोट बिघडलं."

"ओआरएस घे," ती म्हणाली आणि गेली.

ती जिंकली. शेवटचे कितीतरी किलोमीटर एकटीच पुढे होती. रेषा ओलांडली तशी एक बाई हातात फॉर्म घेऊन तिच्याशेजारी येऊन उभी राहिली आणि लघवीचा नमुना देईपर्यंत हलली नाही. काही आठवड्यांनी तिच्या नमुन्यात औषध सापडल्याचा कागद आला. मग सुनावणी लागली. तिनं सरळ सांगितलं, सर सुई देत होते, बाकीच्यांनाही देत होते. सुनावणी घेणाऱ्यांनी आम्हाला विचारलं. सरांनी मजकूर लिहूनच आणला होता: 'आम्हाला कोणतेही औषध देण्यात आले नाही. तिने स्वतः बाहेरून काय घेतले याची आम्हाला कल्पना नाही.' चौघींनी सह्या केल्या. सगळ्यात आधी मी केली, कारण पेन माझ्याकडे होता.

तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. खोलीतलं सामान न्यायला ती आली, तेव्हा मी दिग्रसला निघून गेले होते. मुद्दामच.

मी पुढे सायकल सोडली, शिकले, नेरला शाळेत क्रीडाशिक्षिका झाले. सर मोठे होतेच, ते आणखी मोठे झाले. हारतुरे, फोटो, नव्या पोरी. मग एकदा शाळेच्या कामानं झरी जामणीला जाणं झालं. वन विभागाच्या रोपवाटिकेत ती रोजंदारीवर आहे, असं कळलं. मी गेले. ती रोपांच्या पिशव्यांत माती भरत होती. ओळखायला तिला क्षणही लागला नाही.

"पोट बरं हाय का तुयं?" तिनं विचारलं.

तीच पुढं बोलली. "मले त्याच दिवशी समजलं होतं. वाटलं, येताना गाडीत सांगशील. नाही सांगतलं. मंग वाटलं, सुनावणीत सांगशील."

"मी लिहून देते," मी म्हणाले. माझी खात्री होती की ती म्हणेल, राहू दे, झालं गेलं.

"दे. आत्ताच दे."

तिथंच बाकावर बसून मी वहीची दोन पानं लिहिली. बादली, लेबलं, गाडीमागचं बोलणं, सही. तिनं बोट फिरवत सगळं वाचलं. "तू खोटं बोलली, हे कुठं हाय? सही केली एवढंच हाय." मी ती ओळ घातली. खाली तारीख टाकली. तिनं मोबाइलवर फोटो काढून ठेवला, मग कागद मला दिला. चहाचं विचारलं नाही.

मी तो कागद अर्ज म्हणून सुनावणी घेणाऱ्यांकडे पाठवला. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं: प्रकरण निकाली निघाले असून पुरावा नसल्याने पुढील कार्यवाही शक्य नाही. सरांचा फोन त्याआधीच आला होता. "बेटा, त्याच्यात तूही हायेस, ध्यानात ठेव." शाळेत मुख्याध्यापकांनी माझ्याकडून खेळाचे तास काढून ग्रंथालय दिलं. बदनामी नको, म्हणाले.

याच सुमारास माझ्या शाळेतली एक मुलगी सरांकडे निघाली. चांगली चालवायची. मी घरी जाऊन नको म्हणाले, तर तिचे वडील म्हणाले, "मॅडम, तुमचं नाही झालं म्हणून पोरीचं होऊ देत नाही का?" मी तिला झरीला फोन केला. का केला, सांगता येणार नाही. ती दोन बस बदलून नेरला आली.

आम्ही दोघी त्या घरी गेलो. बसायला खुर्च्या दिल्या, पोहे आले. तिनं स्वतःचं सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. मुलगी समोर असताना पाळीचंही सांगितलं. मी लेबलांचं सांगितलं. वडिलांनी ऐकून घेतलं आणि तिच्याकडे पाहून विचारलं, "म्हणजे तुम्ही पकडल्या गेलत्या, न?"

"हो. मी पकडल्या गेली."

"अन् मॅडम नाही."

"नाही."

त्यांनी मान हलवली, जणू फरक कळला. पुढच्या सोमवारी मुलगी यवतमाळला गेली.

त्या घरून निघाल्यावर स्टँडवर बस लागेपर्यंत आम्ही शेजारी बसलो होतो. मी तिला राहा म्हटलं. सकाळी जा, घरी जेवू, म्हटलं.

"मी त्या पोरीसाठी आली होती," ती म्हणाली. "तुयासाठी नाही." बस लागली तशी पिशवी उचलून ती चढली आणि पलीकडच्या खिडकीला जाऊन बसली.