चिगाव नावाचे गाव

नोकरीतली बरीच प्रकरणे आता धूसर झाली आहेत. हे एक मात्र दिवसांच्या हिशेबासकट आठवते, कारण त्यातले दोन दिवस मी माझ्या चुकीने वाया घालवले.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी कोल्हापुरात फौजदार होतो. शिवाजी पेठेतली एक बाई न्यायदंडाधिकाऱ्यांचे शोध वॉरंट घेऊन ठाण्यात आली. नवऱ्याशी घटस्फोटाचा दावा चालू होता. सहा वर्षांच्या मुलीचा तात्पुरता ताबा कोर्टाने आईकडे दिला होता. वडिलांना रविवारी दहा ते पाच भेटीची मुभा. त्या रविवारी वडिलांनी मुलीला नेले ते परत आणले नाही. सोमवारी आई तक्रार घेऊन आली, तर आमच्या ठाणे अंमलदाराने ‘दिवाणी बाब आहे’ म्हणून तिला वाटेला लावले. ती सरळ कोर्टात गेली आणि शुक्रवारी वॉरंट घेऊनच परत आली. मुलगी जाऊन पाच दिवस झाले होते.

नवरा कागलच्या एमआयडीसीत सुपरवायझर. मूळचा सीमेजवळचा, घरात कानडी बोलणारा. बोलावल्यावर तो दोन साक्षीदार घेऊनच आला.

“साहेब, पाचच्या ठोक्याला पोरगी तिच्या दारात सोडली. हे दोघं बघत हुते. तिनंच लपवलीया. तिचं बाहेर लफडं हाय, ते विचारा की तिला!”

मी बाईला त्याच्या समोरच विचारले. ती नाही म्हणेल, रडेल, असे मला वाटले होते.

“व्हय, हाय. घ्या लिहून,” ती म्हणाली. “एक माणूस हाय, आणि घटस्फोट झाला की त्याच्याशी लग्न करणार हाय. मला लपवायचं असतं तर हेच लपवलं असतं की! आता माझी पोरगी कुठं हाय ते ह्यांना विचारा.”

“बघा! कबूल झाली!” नवऱ्याने टेबलावर थाप मारली. “ठेवा आत!”

त्याला समजावून सांगितले, की व्यभिचाराच्या कलमात बायकोला शिक्षा नाही, आणि वॉरंट मुलीचे आहे, बाईच्या वागणुकीचे नाही. माझा अनुभव असा, की स्वतःचे नुकसान करणारी गोष्ट जो आधी सांगून टाकतो, त्याचे बाकीचे बोलणे सहसा खरे निघते. पण अनुभव काही जबाबात लिहिता येत नाही.

शनिवारी दुपारी बाईच्या शेजारच्या काकू धापा टाकत आल्या. त्या आळीत फोन त्यांच्याकडेच होता, आणि नंबर मुलीला पाठ होता.

“पोरीचा फोन आलता, साहेब! ‘आईला सांगा, मी चिगावाकडं हाय’ म्हणाली, आन् कट झाला.”

फोन कुठून आला हे लगेच कळायची सोय तेव्हा नव्हती. मी ‘चिगाव’ लिहून घेतले आणि पुन्हा काही विचारले नाही. जिल्ह्याच्या नकाशावर या नावाचे गाव सापडेना. मग ‘चि’ने सुरू होणारी अकरा गावे काढली. गगनबावड्याकडे अशी एक वाडी आहे असे कुणी सांगितले, तिकडेही भर पावसात जीप घातली. रविवार आणि सोमवार मिळून दोनशे साठ किलोमीटर झाले. हाती काही नाही. वरिष्ठांनी विचारले, “बाईच्या चारित्र्याबद्दल काय निष्पन्न झालं?” मी म्हणालो, “वॉरंटमध्ये ते शोधायला सांगितलेलं नाही, सर.” ते खूश झाले नाहीत.

मंगळवारी सकाळी हजेरीला रजेवरून परतलेला एक हवालदार होता, सीमाभागातला. त्याने माझी यादी पाहिली.

“सायेब, हे काय मांडलंय?”

“गाव शोधतोय. चिगाव.”

“पोरीचा बाप कुठला?”

मी सांगितले. तो तोंडावर हात ठेवून हसायला लागला.

“मग ते गाव न्हवं, सायेब. चिगव्वा! कानडीत धाकटी आई. मावशीला म्हणत्यात, न्हाईतर चुलतीला. पोरगी ‘चिगव्वाकडं’ म्हणाली, काकूंनी त्येचं गाव केलं, आन् तुम्ही नकाशा काढला.”

काकूंना बोलावून मुलीचे शब्द जसेच्या तसे म्हणायला लावले. “व्वा जरा जोरात हुता खरं,” त्या कबूल झाल्या. मग आईला विचारले, “तुम्हाला बहीण?”

“न्हाई. तीन भाऊ.”

“नवऱ्याला भाऊ?”

“एकटाच हाय तो.” बोलता बोलता तिलाही कळले होते. मावशी नाही, चुलती नाही, म्हणजे मुलीला कुणालातरी धाकटी आई म्हणायला शिकवलेले होते.

नवऱ्याला पुन्हा बोलावले. साक्षीदारांना बाहेर बसवले. मुलगी कुठे आहे हे विचारलेच नाही. चहा पुढे सरकवून सहज म्हणालो, “चिगव्वा पोरीला वेळेवर जेवायला घालते ना?”

“घालती की, पोटच्या...” आणि तो थांबला.

पाच मिनिटांत पत्ता मिळाला.

गडहिंग्लज तालुक्यातले गाव. महिला शिपाई बरोबर घेऊन साध्या कपड्यांत गेलो. पहिल्याच घरापुढे एका म्हाताऱ्याने हटकले, “पावणं, कुणाकडं?” पत्त्यातल्या बाईचे नाव सांगताच त्याने बोटाने घर दाखवले. मुलगी उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. घरातली बाई घाबरून म्हणाली, “हिची आई हिला टाकून गेली म्हणून हिच्या बापानं सांगितलं मला. कोर्टाचं निपटलं की आमचं लगीन हाय.” दोन वर्षांपासून ती थांबली होती. मुलीची वेणी नीट घातलेली होती, अंगावर धुतलेला फ्रॉक होता. त्या बाईवर राग धरायला मला कारण सापडले नाही.

त्याच दुपारी मुलीला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले. त्यांनी तिला आईच्या ताब्यात दिले. कोर्टाच्या पायऱ्यांवर दोन साक्षीदारांपैकी थोरला मला म्हणाला, “साहेब, बाई स्वतः कबूल झाली, तरी पोर तिलाच?”

“तीच एकटी कबूल झाली म्हणून,” मी म्हणालो. “तुमच्या खोट्या जबाबाचं काय करायचं ते आता बघतो.” तो पायऱ्या उतरून गेला.

या प्रकरणाने मला शिकवले, की ऐकलेला शब्द आपल्या समजुतीत बसवून लिहू नये; जसा आला तसा लिहावा. माणसांचेही तसेच आहे. बाई वाईट चालीची, म्हणजे आई वाईट, हे गणित आमच्या ठाण्यातल्या निम्म्या लोकांनी पहिल्याच दिवशी सोडवून ठेवले होते. मीही काही वेळ त्यांच्यातच होतो.

निवृत्तीनंतरही ओळखीतले चारचौघे मला सुनावतात, की तुम्ही त्या बाईची बाजू घेतलीत. घेतली. आज पुन्हा घेईन. नवऱ्याशी ती कशी वागली याचा निवाडा कोर्टाचा होता. माझ्याकडे एक काम होते, सहा वर्षांची मुलगी शोधण्याचे. नवव्या दिवशी ती आईच्या कडेवर बसून, तिच्या गळ्यात दोन्ही हात घालून घरी गेली. ज्यांना ते खुपते त्यांना खुपू दे.