रेवाच्या पत्रातून मी काय गाळलं

"फ्राऊ साठे, या मुलीशी तुमचं काही बिनसलंय का?"

हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रिंकमान माझ्या केबिनच्या दारात उभे होते. हातात मी आदल्या दिवशी दिलेलं पत्र. ते आमच्या शाळेच्या वरच्या वर्गांचे प्रमुख, म्हणजे माझे बॉस. माणूस कधी आवाज चढवत नाही. त्यामुळे त्यांचा साधा प्रश्नही हलका घेता येत नाही.

"नाही. का?" मी म्हटलं.

"आल्झो, म्हणजे असं, हे पत्र वाचून मला एवढंच कळलं की मुलगी शाळेत वेळेवर येते."

पत्र रेवा देवधरचं होतं. मे महिना संपत आला होता, साल २०१७.

मी हॅनोव्हरमधल्या एका इंटरनॅशनल शाळेत कॉलेज काउन्सेलर आहे. हे काय काम, असं पुण्याला गेले की प्रत्येक जण विचारतो. जर्मन मुलं इथल्या सरकारी शाळेतून बारावी करतात आणि इथल्याच युनिव्हर्सिटीत जातात. त्यांना माझी गरज नसते. पण आमच्या शाळेतल्या मुलांचे आईवडील कंपनीच्या कामासाठी जगभरातून आलेले असतात, आणि मुलांना पुढे अमेरिकेत, इंग्लंडमध्ये किंवा नेदरलँड्समध्ये जायचं असतं. प्रत्येक देशाची पद्धत वेगळी. अकरावीच्या वर्षात सगळं ठरवायचं असतं. कुठे अर्ज करायचा, कोणते विषय ठेवायचे, अमेरिकेसाठी सॅट ही परीक्षा कधी द्यायची. आणि वर्ष संपता संपता प्रत्येक मुलासाठी मी एक शिफारसपत्र लिहायचं.

या पत्राबद्दल थोडं सांगायला हवं. अमेरिकन कॉलेजवाले मार्क तर बघतातच, पण ते हजारो मुलांचे सारखेच चांगले असतात. मग ते काउन्सेलरचं पत्र वाचतात. त्यांना हवं असतं ते मार्कशीटमध्ये न दिसणारं माणूस. पत्रात वाईट कुणीच लिहीत नाही. म्हणून वाचणारे कमी चांगलं काय लिहिलंय ते शोधतात. जर्मनीत नोकरी सोडताना जे सर्टिफिकेट मिळतं, त्यातही हीच गंमत आहे. 'यांनी प्रयत्न केला' असं लिहिलं, की समजायचं, यांना काही जमलं नाही.

मी रेवाबद्दल लिहिलं होतं: मेहनती, वक्तशीर, नम्र. दिलेलं काम वेळेत पूर्ण करते. शिक्षकांचा आदर राखते.

"यातलं एकही वाक्य खोटं नाही," मी म्हटलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ब्रिंकमान म्हणाले. "तेच मला खटकतंय." त्यांनी पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि शुक्रवारपर्यंत बघा म्हणून निघून गेले.

आता रेवा कोण, ते सांगते. रेवाची आई प्राची ही माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. तिचा नवरा निखिल गाड्यांचे गिअरबॉक्स डिझाइन करतो. हे लोक चाकणहून आले तेव्हा रेवा दहा वर्षांची होती. माझी सई तिच्याच वयाची, तिच्याच वर्गात. आम्ही इथे आलो तेव्हा सई तीन वर्षांची होती. त्यामुळे रेवा खणखणीत मराठी बोलते, आणि सईला मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. पाहुण्यांसमोर रेवा मला "मेधामावशी, पाणी देऊ का?" म्हणायची, तेव्हा मला बरं वाटायचं आणि लगेच वाईटही वाटायचं.

अकरावीचं वर्ष सुरू झालं तसं ते वाईट वाटणं वाढत गेलं.

सप्टेंबरात पालकांची मीटिंग झाली. प्राची पहिल्या रांगेत, मांडीवर प्लास्टिकची फाइल, शेजारी निखिल. निखिलने एक्सेलमध्ये कॉलेजांची यादी करून आणली होती, रंग लावून. लाल म्हणजे अवघड, पिवळं म्हणजे जमेल, हिरवं म्हणजे नक्की. मी समोर उभी राहून चाळीस पालकांना समजावत होते, की मुलांवर दबाव आणू नका, पण रोज थोडा वेळ त्यांच्याबरोबर बसा. प्राची मान डोलावत लिहून घेत होती. माझी स्वतःची मुलगी माझ्याबरोबर बसायला तयार नव्हती. मी तिच्या खोलीचं दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "मामा, लास मिश!" म्हणजे आई, मला सोड.

एका रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो. फ्रिजवर वेळापत्रक चिकटवलेलं. जेवण झाल्यावर रेवा म्हणाली, "आई, टायमर लाव, मी सॅटचा एक सेक्शन करून टाकते." प्राचीने कुकरशेजारचा टायमर उचलला, लावला, आणि स्वतः समोर भाजी निवडत बसली. पासष्ट मिनिटं. मुलगी वाचतेय, आई मेथी निवडतेय. कुणी कुणाला काही बोलत नाही. मला त्या क्षणी प्राचीचा इतका हेवा वाटला, की मी उगाच म्हटलं, "अगं, एवढं डोक्यावर बसू नये मुलांच्या."

प्राची गडबडली. "जास्त होतंय का गं? तू सांग, तुला कळतं त्यातलं."

आणि मी, जिला त्यातलं कळतं, म्हणाले, "हो, थोडं जास्तच होतंय."

तिने खरंच दोन आठवडे टायमर बंद ठेवला. हे मला नंतर रेवाकडून कळलं.

मार्चमध्ये सॅट झाली. आमच्या शाळेतच सेंटर होतं आणि त्याची व्यवस्था माझ्याकडे. आपलं मूल परीक्षेला बसणार असेल तर त्या सेंटरवर आपण काम करायचं नाही, असा नियम. मला सुट्टी घेता आली असती. पण दुसरं कुणी हाताशी नव्हतं, म्हणून सईनेच बर्लिनला जायचं ठरलं. पहाटेच्या गाडीने ती आणि तिचा बाबा गेले. मी इथे दुसऱ्यांच्या मुलांना पेपर वाटले. रेवा तिसऱ्या रांगेत होती. शेवटच्या भागात दहा मिनिटं उरली असताना तिने पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी तिच्या बाकाजवळून तीनदा गेले. नजर ठेवणं हे माझं कामच होतं. पण मी गेले ते तिचं काही सुटलंय का, हे बघायला.

निकाल आला. सोळाशेपैकी रेवाला चौदाशे नव्वद, सईला अकराशे ऐंशी. सकाळी पावणेआठला प्राचीचा फोन. रडत होती. "मेधा, तुझ्याशिवाय हे झालं नसतं गं! सईचं काय आलं?"

"बरं आलंय," मी म्हटलं आणि मीटिंग आहे सांगून फोन ठेवला. मीटिंग नव्हती.

मग पत्रं लिहायची वेळ आली. सईचं पत्र माझ्याकडे नव्हतंच. ते ब्रिंकमान लिहिणार होते, तसा नियम होता. पण मैत्रिणीच्या मुलीबद्दल कुठलाच नियम नव्हता. रेवाचं पत्र मी सगळ्यात शेवटी लिहिलं. अर्ध्या तासात. बाकी मुलांना मी दोन-दोन दिवस दिले होते.

ब्रिंकमाननी परत दिलेलं ते पत्र घेऊन मी शुक्रवारी त्यांच्याकडे गेले. तीन विशेषणं बदलली होती. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला.

"तुम्ही या मुलीला सात वर्षं ओळखता. तिच्याबद्दल तुम्हाला असं काही माहीत आहे का, जे शाळेत दुसऱ्या कुणाला माहीत नाही?"

मी त्यांच्या हातातल्या पत्राकडे बघत राहिले.

"फ्राऊ साठे?"

"आहे."

"मग ते इथे का नाही?"

ते असं होतं. दहावीच्या हिवाळ्यात सईने शाळा जवळजवळ सोडली होती. वर्गातल्या काही मुलींनी तिच्यावरून फोनवर एक ग्रुप काढला होता. तिच्या बोलण्याची, कपड्यांची टिंगल. सई रोज सकाळी पोटात दुखतंय म्हणायची आणि उठायची नाही. लोकांच्या मुलांना सल्ला देणारी मी, स्वतःच्या मुलीला पलंगावरून उठवू शकत नव्हते. शाळेत मी हे कुणाला सांगितलं नाही. सर्दी म्हणून सांगत राहिले.

पाचव्या दिवशी सकाळी सात दहाला बेल वाजली. बाहेर अंधार होता. रेवा. तिचं घर पुढच्या भागात. श्टाट्बानने, म्हणजे ट्रामने, ती थेट शाळेत जायची. त्या दिवशी ती दोन स्टॉप आधी उतरून आमच्याकडे आली होती. वरही आली नाही. जिन्यातूनच म्हणाली, "सई, मला कालचं गणित कळलं नाही. चालता चालता सांग ना."

गणित रेवाला न कळण्याचा प्रश्नच नव्हता. सईलाही ते माहीत होतं. तरी ती उठली. त्यानंतर रेवा सहा आठवडे रोज आली. रोज तिला काहीतरी कळलेलं नसायचं. कधी भूमिती, कधी भौतिक. सई सांगायची, दोघी चालत जायच्या. एके दिवशी सई म्हणाली, आता नको येऊस, मी जाते. रेवाने त्याबद्दल पुन्हा कधी चकार शब्द काढला नाही.

मी हे ब्रिंकमानना सांगितलं.  मग तेही सांगितलं, जे सांगायला मी गेले नव्हते. "मला त्या मुलीचा हेवा वाटतो. तिच्या आईचा जास्त. हे पत्र मी लिहायला नको होतं."

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाले, "हे तुम्ही मला एप्रिलमध्ये सांगायला हवं होतं."

"हो."

"पत्र मी लिहीन. पण ही गोष्ट तुमच्या मुलीचीही आहे. तिची परवानगी लागेल."

त्या संध्याकाळी मी सईच्या दाराशी उभी राहिले. दार वाजवलं. सगळं सांगितलं, पत्राचंही. ती ऐकत होती. मग पहिल्यांदा मराठीत बोलली, अडखळत. "तू रेवाबद्दल बोलतेस ना, तेव्हा तुझा आवाज वेगळा होतो. मला वाटायचं, तुला ती हवी होती."

"म्हणजे?"

"माझ्याऐवजी."

 मी नाही, नाही म्हणत राहिले आणि तिच्या पलंगावर बसले. तिने मला उठ म्हटलं नाही. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, ब्रिंकमानना मी स्वतः सांगते. सोमवारी मधल्या सुट्टीत ती त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि वीस मिनिटांनी बाहेर आली. आत काय बोलली, ते मी विचारलं नाही.

राहिली प्राची. पत्र दुसऱ्याकडे गेलं की पालकांना कारण द्यावं लागतं. 'कामाचा ताण' असं लिहून भागलं असतं. ब्रिंकमाननी मला तशी मोकळीकही दिली होती. पण मी तिला आयलेनरीडेच्या जंगलात फिरायला बोलावलं आणि खरं सांगितलं. टायमरचंही, आणि रेवाच्या त्या सहा आठवड्यांचंही.

ती चालायची थांबली. तिचा पहिला प्रश्न होता, "पत्र गेलं का?"

"नाही. गेलं नाही. ब्रिंकमान नवीन लिहितायत."

"नक्की?"

"नक्की."

मग ती म्हणाली, "सहा आठवडे माझी मुलगी अंधारात घराबाहेर पडत होती. मला सांगायची, बँडची प्रॅक्टिस आहे. मी तिला डबा लवकर करून द्यायचे. आणि तू मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"सईचं कुणाला कळू नये म्हणून."

"मी कुणी होते का गं?"

हेव्याबद्दल ती काहीच बोलली नाही. तेवढं बहुधा तिला आधीपासून माहीत होतं. ती वळली आणि एकटीच स्टॉपकडे गेली.

पुढचं थोडक्यात. रेवाने नऊ ठिकाणी अर्ज केले, दोन ठिकाणी मिळालं. त्यातल्या निखिलच्या यादीत लाल रंगात असलेल्या कॉलेजात ती गेली. सईने अमेरिकेचा नाद सोडला. तिने स्वतःच शोधून इथल्याच येना शहरात ऑप्टिक्सचा कोर्स घेतला. लेन्स घासण्याबद्दल ती आता फोनवर तासभर बोलते, अर्धं मराठीत. प्राचीने त्या वर्षी दिवाळीला आम्हाला बोलावलं, पण ग्रुपवर मेसेज टाकून, सगळ्यांबरोबर. पुन्हा फोन करायला तिला वर्ष लागलं. आता बोलतो आम्ही. पूर्वीसारखं नाही, पण खोटंही नाही. रेवाचे फोटो ती पाठवते तेव्हा मला अजून एक क्षण टोचतं. मग मी छान म्हणून उत्तर देते, आणि ते छान खरंच असतं.

त्या उन्हाळ्यात ब्रिंकमाननी शाळेत एक नवीन फॉर्म सुरू केला. ज्याचं स्वतःचं मूल त्या वर्षी अकरावीत असेल, त्याने त्या वर्गातल्या कुणाचंही पत्र लिहायचं नाही. बाकी कुणालाही एखादं पत्र लिहायला नको वाटलं, तर फॉर्म भरून ते दुसऱ्याकडे द्यायचं, कारण विचारलं जाणार नाही. स्टाफरूममध्ये या नियमाला 'साठे-रेगेल' म्हणतात, म्हणजे साठेंचा नियम. नव्या लोकांना वाटतं, मी तो सुचवला. मी कुणाला दुरुस्त करत नाही. हेवा जाईल अशी वाट बघण्यापेक्षा फॉर्म भरलेला बरा.