रक्ताच्या औषधाच्या खाचा

माझी थोरली मुलगी तीन वर्षांची असताना माती खायची. भिंतीचे पोपडे नखानं काढून तोंडात घालायची. नखं, ओठ पांढरेफटक पडले होते. भूमच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाचं औषध दिलं. बाटली घरून न्यावी लागे. कंपाउंडरनं ती भरली आणि तिच्यावर खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवली. "रोज सकाळी एक खाच, दहा दिवस," एवढंच तो म्हणाला.

पाचव्या दिवशी सकाळी बाटली हातात घेतली, तर आठ खाचा रिकाम्या. मी तर रोज एकच दिली होती. सांडलं म्हणावं, तर फडताळात डाग नव्हता. राहिल्या सासूबाई. पण त्यांना विचारणं म्हणजे आळ घेतल्यासारखं. लग्नाला पाच वर्षं झाली तरी मी त्यांच्यासमोर मान वर करून बोलत नव्हते. त्या दिवशी औषध दिलं नाही, रानातही गेले नाही.

दुपारी पोरीची शी डांबरासारखी काळी झाली. मग उलटी. ती पोट धरून कण्हू लागली तेव्हा मी सासूबाईंकडे धावले.

"आत्याबाई, तुम्ही हिला औषध देत होता का?"

"व्हय. तू रानात गेलीस की देते. लई अशक्त हाय पोर. रक्ताचं औषध हाय, इख न्हाय."

हे परगावी गेले होते. पोरीला खांद्यावर टाकून मी निघाले. सासूबाई मागून आल्या. 

"किती पाजलं?" डॉक्टरांनी विचारलं. मागच्या खेपेला डॉक्टरांशी पोरीचे वडील बोलले होते. आता सांगणं माझ्यावर आलं.

"रोज दोन खाचा. आम्ही दोघींनी दिलं."

"काळी शी या औषधानं होतेच. उलटी मात्र चांगली नाही. लोह अंगात साठतं, बाई. एवढ्या लेकराला जास्त झालं तर जिवावर बेततं. आज इथंच बसा."

दिवेलागणीपर्यंत बसलो. मी सारखी तिच्या पोटावर हात ठेवून बघत होते. सासूबाई कंपाउंडरला म्हणाल्या, "एकीनंच द्या म्हणून बाटलीवर लिवायचं की."

"आजी, तुम्हाला वाचता येतं का?"

"हिला येतं. चौथी शिकलीया."

पोरीला पुन्हा उलटी झाली नाही. तिनं भाकरी मागितली. डॉक्टर म्हणाले, आठ दिवस औषध बंद, मग पुन्हा रोज एकच खाच.

नवव्या दिवशी बाटली उघडायला माझा हात धजेना. दहाव्या दिवशीही नाही. अकराव्या दिवशी सासूबाईंनी पोरीला मांडीवर घेतलं.

"ओत," त्या म्हणाल्या. "म्या नुसती धरते."